लेन्स घातली की डोळ्याची स्वतःची राखण कमी होते का? (भाचीच्या बुबुळावर जखम झाली, त्या निमित्ताने)

माळव्यातली_मावशी
मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज विचारायचं आहे म्हणून लिहिते आहे.

मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते. धाकट्या बहिणीची मुलगी दोन वर्षांपासून शिकायला माझ्याकडे आहे. उणे साडेचारचा नंबर, कॉलेजात गेल्यापासून लेन्स घालते. हात धुतल्याशिवाय लेन्सला कधी हात लावला नाही तिने, हे मी रोज बघते.

गेल्या आठवड्यात घरचं लग्न होतं. रात्री दोनला परतलो आणि ती लेन्स न काढताच झोपली. सकाळी लेन्स डोळ्याला चिकटलेली. ओढून काढली, तर सोल्यूशनची बाटली संपलेली. दुपारी रिसेप्शन, म्हणून तिने ती तळहातावर घेतली, बेसिनच्या नळाखाली धुतली आणि परत घातली. संध्याकाळी डोळा लाल. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून ड्रॉप आणले, लाली बरीच उतरली, आम्ही निश्चिंत झालो. तिसऱ्या रात्री ती उठून माझ्या खोलीत आली, "मावशी, दिवा बंद कर, बघवत नाहीये." टॉर्च तिरपा धरून पाहिलं तर बुबुळावर खसखशीएवढा पांढरा ठिपका.

सकाळी डॉक्टरांनी केशरी टोकाची कागदाची पट्टी पापणीच्या आत टेकवली, निळा दिवा लावला, आणि तो ठिपका पोपटी चमकायला लागला. म्हणाले, कॉर्नियल अल्सर, म्हणजे बुबुळावर जखम. जखम खरवडून नमुना तपासणीला पाठवला आणि दोन बाटल्या दिल्या. दर तासाला दोन्हींचा एकेक थेंब, मध्ये पाच मिनिटं थांबायचं, दिवस-रात्र. एक बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. दोन रात्री मी गजर लावून उठत होते. ती झोपेतच तोंड वर करायची, मी खालची पापणी ओढायची, थंड थेंब पडला की तिचा खांदा दचकायचा. दुकानातल्या ड्रॉपमध्ये स्टिरॉइड होतं, हेही डॉक्टरांनीच दाखवून दिलं.

आता उतार आहे. पण माझ्या मनातून एक प्रश्न जात नाही. दोन वर्षं काही झालं नाही, मग एका रात्रीत एवढं कसं? माझी आई जन्मभर चुलीपुढे बसली, धूर, राख, सगळं डोळ्यांत गेलं, तिच्या बुबुळाला कधी काही झालं नाही. म्हणजे डोळा स्वतःचं काहीतरी रक्षण करत असणार. लेन्स त्यातलं नेमकं काय काढून घेते? कोणी समजावून सांगेल का?

तुळस
मंगळवार, रात्री ११:१५

अगं बाई, काळजी घे तिची. आमच्याकडे डोळा लाल झाला की शुद्ध गुलाबजल नाही तर मधाचा एक थेंब घालतात. लगेच थंडावा येतो. लेन्स मुलींनी घालूच नयेत असं माझं मत.

चष्मेघर
बुधवार, सकाळी ७:०५

तुळसताई, मनापासून सांगते, गुलाबजल किंवा मध डोळ्यात घालू नका, आणि अल्सर असलेल्या डोळ्यात तर मुळीच नाही. ती बाटली निर्जंतुक नसते. उघड्या जखमेत काय ओततोय ते आपल्याला माहीत नसतं.

मावशी, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, चौदा वर्षं इंदुरातच लेन्स बसवून देते. तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आम्ही दुकानात "हात धुवा, सोल्यूशन बदला" एवढंच सांगतो. त्यामुळे लोकांना वाटतं की प्रश्न फक्त स्वच्छतेचा आहे. तसा तो नाही.

डोळ्यात जंतू रोजच पडतात. ते टिकत नाहीत. आपण मिनिटाला साधारण बारा-पंधरा वेळा पापणी लववतो, आणि दर खेपेला ओट्यावरून ओलं फडकं फिरवावं तसं बुबुळ (म्हणजे त्याच्यावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) पुसलं जातं. जुने अश्रू नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून नाकात उतरतात (रडताना नाक वाहतं ते त्यामुळेच) आणि वरून नवे येतात. डोळ्यात एका वेळी असतात जेमतेम ७ मायक्रोलिटर अश्रू. तुमच्या बाटलीतला एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणून डॉक्टरांनी एकच थेंब सांगितला आणि मध्ये पाच मिनिटं थांबायला सांगितलं, नाहीतर दुसरं औषध पहिल्याला धुऊन काढतं.

लेन्स घातली की या अश्रूंचे दोन थर होतात. वरचा भराभर सुकतो. खालचा, लेन्स आणि बुबुळ यांच्यामधला, अडकून पडतो. सॉफ्ट लेन्स असेल तर एका पापणीसरशी त्यातला शंभरातला एखाद-दुसरा भागच बदलतो. वाहतं पाणी होतं, त्याचं डबकं झालं. एरवी जो जंतू काही क्षणांत नाकात गेला असता, तो आता तासन्‌तास तिथेच बसतो.

दुसरं म्हणजे बुबुळाची वरची त्वचा. पाच ते सात थर, सगळे मिळून साधारण ५० मायक्रॉन, केसाइतके म्हणा. वरच्या पेशी सतत गळून पडतात आणि आठवड्याभरात सगळी त्वचा नवी होते. जंतू चिकटला तरी ज्या पेशीला चिकटला तीच गळून जाते. लेन्सच्या खाली हे गळणं मंदावतं. जुन्या, थकलेल्या पेशी जागेवरच राहतात, आणि जंतूंना चिकटायला त्याच सोप्या.

आता झोपेचं. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, ते प्राणवायू थेट हवेतून घेतं. डोळे मिटले की तो जवळजवळ एक तृतीयांशावर येतो, कारण मग तो मुख्यतः पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांकडूनच मिळतो. त्यात मध्ये लेन्स. पापणी लवणं बंद, अश्रूंचा ओघ जवळजवळ थांबलेला, पापणीखाली ऊब. दोन वर्षं दिवसा तिचा डोळा कसाबसा तोल सांभाळत होता. त्या रात्री तो सुटला, सकाळी नळाचं पाणी गेलं, आणि चिकटलेली लेन्स ओढताना वरची त्वचा थोडी सोलली गेली असणार. चूक एका रात्रीची दिसते, पण आधार आधीपासून थोडा थोडा कमी होत होता.

जंतूमास्तर
बुधवार, सकाळी ९:३०

चष्मेघर यांनी छान सांगितलं. मी निवृत्त प्राध्यापक, सूक्ष्मजीवशास्त्र. अश्रूंविषयी थोडी भर घालतो.

अश्रू म्हणजे नुसतं खारं पाणी नव्हे. आम्ही मुलांना एक प्रयोग दाखवायचो. मायक्रोकॉकस नावाचे पिवळे जंतू परीक्षानळीत पाण्यात ढवळले की पाणी गढूळ दिसतं. त्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थेंब टाकायचा आणि नळी हातात धरून बसायचं. काही मिनिटांत गढूळपणा जातो आणि नळीमागची वहीवरची अक्षरं वाचता येतात. जंतूंच्या भिंती विरघळलेल्या असतात. हे करणारं लायसोझाइम नावाचं प्रथिन पांढऱ्या बलकात असतं, तसंच आपल्या अश्रूंत. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याची माहिती १९२२ साली प्रसिद्ध केली, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. प्रयोगाला अश्रू हवेत म्हणून ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस उडवायचे.

अश्रूंत आणखी एक प्रथिन असतं, लॅक्टोफेरिन. ते लोह पकडून ठेवतं. लोहाशिवाय जंतू वाढत नाहीत, म्हणजे शत्रूची रसदच तोडली. शिवाय आयजीए प्रतिपिंडं असतात, ती जंतूंना पृष्ठभागावर बसू देत नाहीत.

लेन्स घातल्यावर यातलं लायसोझाइम तिच्यावरच जाऊन बसतं. लेन्स चार दिवसांत जी धुरकट दिसायला लागते त्यात या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. तिथे बसल्यावर त्यातल्या काहीची घडी मोडते आणि तेवढं निकामी होतं.

आता मुख्य आरोपी. लेन्सवाल्यांच्या अल्सरमध्ये सगळ्यात जास्त सापडतो तो स्यूडोमोनास एरुजिनोसा. बेसिनच्या जाळीत, नळाच्या तोंडाशी, ओल्या स्पंजात, जिथे ओल तिथे हा. त्याच्या भिंतीवर आणखी एक आवरण असतं, त्यामुळे लायसोझाइम एकटं त्याचं काही बिघडवू शकत नाही. आणि तरीसुद्धा निरोगी डोळ्यावर तो एकटा काही करू शकत नाही! बर्कलेच्या प्रयोगशाळेत २०१२ साली दिसलं की बुबुळाच्या पेशी आपल्याच केराटिनचे बारीक तुकडे जंतुनाशक म्हणून वापरतात. केराटिन म्हणजे ज्याची आपली नखं-केस बनतात ते. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की बायकोला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं.

मावशी, मुलीची लेन्सची डबी अजून आहे का? टाकली नसेल तर धुऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा. जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आठवड्यातून दोनदा जातो, तिथे त्यातले जंतू वाढवून बघतो.

माळव्यातली_मावशी
बुधवार, दुपारी १:१०

मास्तर, चष्मेघर, दोघांचे किती आभार मानू. डबी आहे, तिच्या बॅगेतच होती. आत्ता उघडून पाहिली तर डाव्या खणाच्या कडेला बोट बुळबुळीत लागलं. दिसायला स्वच्छ! संध्याकाळी तुम्हाला आणून देते, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.

चष्मेघर
बुधवार, दुपारी १:४०

मावशी, हात साबणाने नीट धुवा आणि त्यानंतरच तिचे ड्रॉप घाला. तो बुळबुळीतपणा म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती विणलेला थर. गच्चीवरची टाकी वर्षाने साफ करताना आतून जसा हाताला लागतो ना, तसाच. त्या थरात सोल्यूशन नीट शिरत नाही. म्हणून रात्री जुन्या सोल्यूशनवर नवं ओतायचं नाही, पूर्ण फेकायचं. सकाळी डबी ताज्या सोल्यूशनने चोळून विसळायची, कोरड्या टिश्यूवर उपडी ठेवायची, झाकणंसुद्धा. आणि तीन महिन्यांनी डबीच फेकायची. डबी दोन-दोन वर्षं वापरणारे मला दर आठवड्याला भेटतात.

सयाजीगंज
बुधवार, सायंकाळी ६:२०

वडोदऱ्याहून लिहिते आहे. वाचून पोटात गोळा आला. माझ्या मुलाला केराटोकोनस आहे, बुबुळ शंकूसारखं पुढे आलंय. चष्म्याने त्याला फळ्यावरचं दिसत नाही, सेमी-सॉफ्ट लेन्सने दिसतं. "लेन्स घालूच नयेत" हे ऐकायला सोपं आहे, पण त्याच्यासाठी लेन्स म्हणजे डोळेच आहेत. त्याने काय करायचं? आणि आता प्राणवायू जाऊ देणाऱ्या महागड्या लेन्स आल्यात ना, त्या घेतल्या तर हा धोका जातो का?

चष्मेघर
बुधवार, रात्री ९:५०

ताई, घाबरू नका. तुमच्या मुलाची लेन्स त्यातल्या त्यात सगळ्यात सुरक्षित प्रकारातली आहे. ती बुबुळापेक्षा लहान असते, पापणीबरोबर वरखाली हलते आणि खालचे अश्रू बरेच बदलत राहतात. पाणीही शोषत नाही. त्याची लेन्स चालूच राहू द्या. फक्त ती नळाच्या पाण्याने विसळण्याची जुनी सवय असेल तर बंद करा. पूर्वी आम्हीच तसं शिकवायचो, याचं मला आज वाईट वाटतं.

महागड्या लेन्सबद्दल. १९९९ च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आल्या, तेव्हा सगळ्यांनाच वाटलं की प्राणवायूचा प्रश्न सुटला, आता अल्सर थांबतील. प्राणवायूचा प्रश्न खरोखरच सुटला. डोळ्यात लाल शिरा वाढणं, बुबुळ सुजणं हे खूप कमी झालं. पण अल्सर थांबले नाहीत. ऑस्ट्रेलियातली मोठी पाहणी २००८ मध्ये आली. लेन्स घालून झोपणाऱ्यांमध्ये वर्षाला दर १०,००० माणसांमागे जुन्या सॉफ्ट लेन्सने १९.५ जणांना बुबुळाचा संसर्ग झाला, आणि नव्या सिलिकॉन लेन्सने २५.४. दिवसाच सॉफ्ट लेन्स घालून रात्री काढणाऱ्यांमध्ये १.९, आणि तुमच्या मुलासारख्या लेन्सवाल्यांमध्ये १.२. अमेरिकेत १९८९ सालीही असंच दिसलं होतं: दिवसा घालणारे ४.१, झोपणारे २०.९.

मला या आकड्यांतून जे कळतं ते असं. भूक फक्त प्राणवायूची असती तर ती भागल्यावर डोळा सावरला असता. डबकं तसंच राहिलं, पेशी गळणं तसंच मंद राहिलं, म्हणून संसर्गही राहिले. माझ्याकडे येणाऱ्या कोणालाही मी "ही लेन्स घालून झोपलात तरी चालेल" असं म्हणत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो.

देवासनाका
गुरुवार, सकाळी ६:४५

आमची शेती सांवेरच्या बाजूला. गहू काढताना डोळ्यात कुसळ लागलं की आठ-पंधरा दिवसांनी बुबुळावर पांढरं फूल पडलेलं मजूर दर वर्षी बघतो. डॉक्टर म्हणतात बुरशी. म्हणजे तिथे कुसळाने त्वचा फाडली म्हणून आत शिरली, बरोबर? आणि लेन्समध्ये न फाडताच दार उघडं राहतं, असं समजायचं का?

जंतूमास्तर
गुरुवार, सकाळी ८:००

अगदी हेच. तुम्ही एका ओळीत सांगितलंत. आपल्या देशात अल्सरचं मोठं कारण अजूनही शेतातली इजाच आहे. कुसळाने दार फुटतं. लेन्समुळे पहारेकरी पेंगतो.

आणि पहारेकरी म्हणताना एक राहिलंच. बुबुळात संवेदनेच्या नसा इतक्या दाट असतात की शरीरात दुसरीकडे क्वचितच. कण गेला की आपण उडी मारतो, पाणी येतं, पापणी मिटते. वर्षानुवर्षं लेन्स घालणाऱ्यांमध्ये ही संवेदना बोथट होते. धोक्याची घंटाच हळू वाजते. त्यामुळे लेन्सवाल्यांनी "फार दुखत नाहीये" यावर विसंबू नये.

गेरवाला_इंदूर
गुरुवार, दुपारी १२:३०

मी तीन वर्षं रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगाच्या मिरवणुकीत) लेन्स घालून जातो. राजवाड्यावर टँकरच्या तोफांमधून रंगाचं पाणी उडतं, भिजून चिंब होतो. चष्मा घातला की काही दिसत नाही म्हणून लेन्स. घरी आलो की आंघोळ करून मग काढतो. आता भीती वाटतेय. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, टाकीत साठवतो. नर्मदेचं पाणी शुद्ध करूनच येतं ना?

चष्मेघर
गुरुवार, दुपारी ३:१५

भाऊ, गेरला अवश्य जा, लेन्सशिवाय. जुना चष्मा दोरी बांधून घाला. सॉफ्ट लेन्स स्पंजसारखी असते, रंग शोषते आणि तो दिवसभर बुबुळाला लावून धरते. साधं पाणी डोळ्यातल्या पाण्याइतकं खारं नसतं, त्यामुळे लेन्स फुगून बुबुळाला घट्ट चिकटते. आंघोळीच्या आधी लेन्स काढायची, नंतर नाही. क्रम उलटा करा.

नर्मदेचं पाणी पिण्यासाठी शुद्ध केलेलं असतं. पिणं वेगळं आणि बुबुळावर लेन्सखाली दाबून ठेवणं वेगळं. पोटात आम्ल आहे, बुबुळावर नाही. साठवलेल्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो. तो स्वतःभोवती टणक कवच करतो आणि क्लोरीनला दाद देत नाही. त्याचा संसर्ग क्वचित होतो, पण उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि डोळ्यात दिसतं त्याच्या कितीतरी पट दुखतं. मी असा एकच मुलगा पाहिला आहे. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा, खिडकीचा उजेडसुद्धा सोसायचा नाही.

तुळस
गुरुवार, रात्री ८:४०

मधाबद्दल लिहिलं ते मागे घेते. माझ्या सुनेलाही हा धागा पाठवला. एक विचारू? दुकानातल्या ड्रॉपने लाली तर कमी झाली होती, मग ते वाईट कसं?

जंतूमास्तर
गुरुवार, रात्री ९:२५

लाली म्हणजे शरीराने पाठवलेली कुमक. रक्तवाहिन्या फुगतात आणि त्यातून पांढऱ्या पेशी येतात. स्टिरॉइड ती कुमकच परत पाठवतं. डोळा पांढरा दिसतो, दुखणं कमी होतं आणि जंतूला रान मोकळं मिळतं. स्यूडोमोनास बुबुळाचा तंतू विरघळवणारी रसायनं सोडतो. जोर धरला तर दोन-तीन दिवसांत बुबुळाला भोक पाडू शकतो. मुलगी त्या रात्री उठून आली आणि मावशी सकाळी थेट डॉक्टरांकडे गेल्या, हे फार बरं झालं.

जंतूमास्तर
शनिवार, सकाळी ११:००

मावशी, डबीचा निकाल. काल दुपारी डाव्या खणातला थर जंतू वाढवायच्या प्लेटवर ओढला होता. आज झाकण उचललं तर अख्खं माध्यम हिरवट झालेलं आणि पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास. हा वास एकदा घेतला की विसरत नाही. पक्क्या ओळखीसाठी चाचण्या बाकी आहेत, पण मला शंका नाही, हा स्यूडोमोनासच. उजव्या खणातही आहे, थोडा कमी. प्लेटचा फोटो पाठवतो, तिला दाखवा.

माळव्यातली_मावशी
शनिवार, रात्री १०:०५

मास्तर, फोटो तिला दाखवला. बराच वेळ बघत बसली. डॉक्टरांकडचा रिपोर्टही आज आला, तेच नाव. उजवा डोळाही त्यांनी तपासला, तो सुखरूप आहे.

जखम भरत आली आहे. निळ्या दिव्यात आता पोपटी रंग सुईच्या टोकाएवढाच दिसतो. ड्रॉप चार तासांवर आले. त्या डोळ्याने आज तिने चष्मा लावून ६/१२ ची ओळ (निरोगी डोळ्याला बारा मीटरवरून दिसते ती, सहा मीटरवरून) वाचली. फूल राहील म्हणाले, पण मध्यावर नाही, कडेला आहे, आणि वर्षभरात थोडं फिकं होईल. मी घरी येऊन देवापुढे बसले आणि खूप रडले.

आता तीच लिहिते आहे.

नमस्कार, मी भाची. मावशीच्याच आयडीवरून. मला वाटायचं की लेन्स डोळ्यावर नुसती तरंगते, बाकी डोळा आपला आपला असतो. मी बॅडमिंटन खेळते, चष्म्याने शटल बाजूला आलं की तुटक दिसतं. चष्मेघर ताई, मला पुन्हा कधी लेन्स घालता येतील का? खरं सांगा.

चष्मेघर
रविवार, सकाळी ७:३०

खरं सांगते बाळा. डॉक्टर "जखम पूर्ण भरली, औषध बंद" म्हणत नाहीत तोवर नाही, आणि त्यानंतरही काही महिने नाही. तो निर्णय त्यांचा, माझा किंवा तुझा नाही. पुढे त्यांनी परवानगी दिली तर एकदाच घालून फेकायच्या लेन्स, फक्त खेळापुरत्या. म्हणजे डबीच नको. खेळ संपला की कोर्टच्या बाहेर, कोरड्या हातांनी काढून कचऱ्यात. रोजचा चष्मा राहीलच, डोळ्याला मोकळं राहू दे.

तोवर खेळाडूंसाठीची गोलसर, डोक्यामागे पट्टा असलेली चष्म्याची फ्रेम मिळते, तिची कड बाजूला लांबपर्यंत जाते. उणे साडेचारची काच तिच्यात बसते. ड्रॉप सहा तासांवर आले की मावशीला घेऊन ये, शटल घेऊनच ये, इथेच बघू कुठवर दिसतं ते.